तारा नसलेल्या गिटारीचा सूर

साल दोन हजार सहा, महिना मे. मला त्रेसष्टावं लागलेलं. आधीच सांगून ठेवतो, भानामती, अंगात येणं, उतारे असल्या गोष्टी मी उभ्या जन्मात मानल्या नाहीत. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझे कान शिकलेले आहेत. धंदाच कानाचा होता. म्हणून जे ऐकलं ते ऐकलं, कोणाला हसायचं तर हसावं.

मी बेस गिटार वाजवायचो. नव्वद सालापासून नांदेडला, औरंगाबादला कॅसेटच्या रेकॉर्डिंगला जायचो. भक्तिगीतं, लोकगीतं, लग्नाची गाणी... कव्हरवर फोटो गाणाऱ्याचा, माझं नाव कुठंच नाही. त्याची तकलीफ नव्हती. मी आल्याशिवाय स्टुडिओत रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागत नव्हता, तेवढं मला बस होतं.

सामान म्हणाल तर हैदराबादेतून आणलेली एक जुनी गिटार, मान एकदा तुटून सुताराकडून जोडून घेतलेली. एक डब्बा, म्हणजे स्पीकर - मिस्त्रीनं सागवानी फळ्यांत बसवलेला, उचलायला दोन माणसं लागायची. एक वायर आणि चार तारा. या तारा आपल्याकडं मिळत नाहीत. घामानं, मळानं तार बहिरी झाली की काढायची, धुण्याचा सोडा टाकून पातेल्यात उकळायची, पुसून वाळवायची आणि परत चढवायची. आणखी चार-पाच रेकॉर्डिंग निघतात.

दुसरी सवय. नव्या खोलीत गेलो की मी आधी गाणं वाजवत नाही. एकेक सूर सावकाश लांबवतो आणि काय थरथरतं ते बघतो. कुठं ट्यूबलाईट, कुठं कपाटाची काच. प्रत्येक वस्तू आपल्या एकाच सुराला बोलते. सापडली की तिथं फडकं कोंबायचं. घरी डब्बा आणला तेव्हाही हेच केलं. जाड तारेवर दुसरं घर, म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांमधली दुसरी जागा, दाबलं की मागच्या गोठ्यावरचा एक सुटलेला पत्रा झर्रर्र करायचा. दुसऱ्या कोणत्याच सुराला नाही. गयाबाई, माझी बायको, धार काढत असली तर तिथूनच ओरडायची, "म्हस पान्हा चोरून राहिली, तुमचं घुमनं बंद करा!" मी मुद्दाम आणखी एकदा वाजवायचो.

दोन हजार चारला तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. पाय ओढत चालायची, पण ध्यान राहिलं नाही. म्हैस विकून वर्ष झालं तरी धार काढायला चरवी घेऊन उठायची. वाशिमला दिलेली आमची एकच लेक, शोभा, दिवाळीला आईला न्यायला आली. म्हणाली, बा, तुमच्यानं होत न्हाई, एखाद्या दिवशी माय कुठं तरी जाईल. मी तिला उंबऱ्यावरून परत लावलं. मी मेलो काय, माझ्या बायकोला मी पाहीन, म्हटलं. जावयासमोर म्हटलं. मग शब्द मागं घ्यायचा प्रश्नच नव्हता.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून आत, पायी अर्धा तास. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिला ओट्यावर सावलीत बसवलं. दोन दिवसांनी नांदेडला रेकॉर्डिंग होतं म्हणून चारी तारा काढल्या, गिटार बाजेवर ठेवली आणि चुलीवर पातेलं चढवलं. जाळ पुढं-मागं करण्यात अर्धा तास गेला असंल. बाहेर आलो तर ओटा रिकामा.

आधी वाटलं शेजारी असंल. नव्हती. देवळात नव्हती. नाल्याला नव्हती. उन्हानं माती फुटत होती. मी नाक्यापर्यंत पळत गेलो, ढाब्यावाल्यांना विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं. हाका मारत फिरलो, आणि हाक मारतानाच ध्यानात यायचं की तिला ऐकू गेलं तरी ती ओ देणार कशी. गोठ्यावरून मी दोनदा गेलो. दाराला बाहेरून कडी होती. कडी बघितली आणि पुढं गेलो.

तीन वाजले. गावातली माणसं पाटलाच्या विहिरीवर जमली. कठड्याजवळ कोणाला पाय ओढल्यासारखी खूण दिसली होती. दत्ता म्हणून आमच्या शेजारचा पोरगा, गावात वायरमनचं काम करतो, मला मामा म्हणतो. तो माझ्या खांद्याला धरून हळू म्हणाला, "मामा, गळ टाकून पाहावा लागंल. मोठा दोर तुमच्याकडंच हाय ना?"

मी हो म्हणालो. आपल्या बायकोसाठी विहिरीत गळ टाकायला आपल्याच घरचा दोर आणायचा... ती वाट मी कशी चाललो ते मला आठवत नाही. दत्ता मागून येत होता.

घरात शिरलो. दोर खुंटीवर होता. हात लावला आणि डब्बा घुमला.

खालचा, जाड सूर. दुसरं घर. छातीत बसतो तसा. थांबला, पुन्हा आला. मी बाजेकडं पाहिलं. गिटार तशीच आडवी, उघडी, एकही तार नाही. तारा पातेल्यात, पाणी निवलेलं. वायर गुंडाळी करून खिळ्याला. मी डब्ब्यावर तळहात ठेवला तर फळी थरथरत होती.

दत्ता दारातच थबकला. म्हणाला, "लाईट आली का?"

लाईट सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. वायरमनला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यानं वर बोर्डाकडं पाहिलं, मग खाली डब्ब्याच्या पिनीकडं. पीन जमिनीवर पडलेली होती. त्याचं तोंड पांढरं झालं.

तेवढ्यात मागून झर्रर्र आवाज आला. वाऱ्याचं नाव नव्हतं, लिंबाचं पान हलत नव्हतं. सूर थांबला की पत्रा थांबायचा, सूर आला की बोलायचा.

"दोर राहू दे," मी म्हणालो.

"मामा, विहिरीवर लोकं..."

"राहू दे म्हणतो ना."

मागं धावलो, गोठ्याची कडी काढली. आत भट्टी. म्हैस गेली तरी कडबा तसाच रचलेला होता. त्याच्या दोन गंज्यांच्या मधल्या फटीत ती पडली होती, चरवी पोटाशी. वरून पेंढ्या सरकलेल्या. ओठ फाटलेले, डोळे उघडे, अंग विस्तवासारखं. दत्तानं पेंढ्या भिरकावल्या. मी तिला ओढली तेव्हा तिनं डाव्या हातानं माझा सदरा धरला. मग कळलं, जिती आहे.

कडी घातली होती सुभद्रानं, शेळ्या वळणाऱ्या बाईनं. दार उघडं दिसलं, शेळ्या शिरून कडबा खातील म्हणून न बघताच घातली. कोणीही घातली असती, मीही. बिचारी आमच्या ओट्यावर बसून रडली. तिला काय दोष द्यायचा. तारा उकळत कोण बसलं होतं?

डॉक्टरांनी सलाईन लावून रात्री घरी सोडलं; म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर हाती लागली नसती.

मी हे खूप ठिकाणी सांगितलं. कोणी म्हणतं उन्हानं डोकं फिरलं होतं. कोणी म्हणतं तिनंच पत्रा वाजवला. पत्रा दीड पुरुष उंचीवर, आणि ती आडवी पडलेली. बरं, पत्र्याचं जाऊ द्या, घरातल्या डब्ब्याचं काय? दत्ताला विचारलं तर तो म्हणतो, "मामा, मी ऐकलं. पन मला इचारू नका. मला लोकाच्या घरात लाईटी जोडायच्या हायेत." डब्बा मिस्त्रीकडून उघडून घेतला. आत बॅटरी नाही, काही नाही. मी सूर चुकत नाही, आणि तरी हा सूर कुठून आला ते मला आज सांगता येत नाही. सांगणारा कोणी असंल तर त्यानं सांगावं. मी मान खाली घालून ऐकीन.

ती सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी नाक्यावर गेलो आणि एसटीडीवरून शोभाला फोन लावला.

"तुझ्या मायला घेऊन जाय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बा, तुमी रडून राहिले का?"

"न्हाई."

घरी आलो, लोखंडी पेटी ओढली आणि गयाची लुगडी भरायला बसलो. ती माझ्याकडं बघत होती. मी एक घडी पेटीत ठेवायचो, ती डाव्या हातानं बाहेर काढायची. मी पुन्हा ठेवायचो. ती पुन्हा काढायची. अकराच्या गाडीनं शोभा येणार होती.