फुलाचं बटण

रफूताईंचा हात कापतो असं म्हणणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो.

आमच्या खालच्या खोलीत त्या लाँड्रीतून आलेले कपडे रफू करत. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून भोक असं विणून काढत की ते कुठे होतं हे कोणाला सापडू नये. त्यानेच घात केला. लाँड्रीत कोट न्यायला आलेला एक वकील मालकासमोर म्हणाला, "तीन भोकांचे पैसे? एकच होतं. बाकीची दोन दाखवा बरं!" दाखवणार काय? "लबाड बाई," म्हणून तो निघून गेला. मालकाने ताकीद दिली, पुन्हा तक्रार आली तर काम बंद.

"काकू, आता काय मुद्दाम वाईट रफू करू?" त्या मला म्हणाल्या.

तेव्हा मोबाइलला कॅमेरे नव्हते. रफू करण्याआधी भोकाचा फोटो काढून ठेवायचा, असं ठरलं. बेताच्या पैशांत डिजिटल कॅमेरा घ्यायला आम्ही दोघी दुकानात गेलो.

"मावशी, हा घ्या. दहापट झूम! डोंगरावरची शेळी दिसेल," टाय लावलेला विक्रेता म्हणाला.

"शेळी नको. धागा दिसू दे."

"अहो, नातवंडांचे फोटो झकास येतात."

"मला नातवंडं नाहीत. भोकं आहेत."

तो फिदीफिदी हसला. रफूताईंनी पिशवीतून फाटक्या लोकरीचा तुकडा काढून काउंटरवर पसरला आणि स्वतः जवळून फोटो काढला. पडद्यावर नुसता करडा धुरळा.

"तुमचा हात कापतो, मावशी. वयच झालं."

"माझा हात?" सगळं दुकान वळून पाहू लागलं. "तीस वर्षं केसाएवढा धागा ओवतेय मी! चष्मा न लावता! तुझ्या टायचा दोरा निघालाय तो दिसतोय मला इथून!"

माझंही डोकं तापलं होतं. कोपऱ्यातला सगळ्यात स्वस्त कॅमेरा मी मागितला. त्याच्या एका बटणावर छोटं फूल होतं. "हे कशाला?"

"बागेतली फुलं काढायला. तुमच्या कामाचं नाही."

मी सोबतची इंग्रजी पुस्तिका उघडली. तिसऱ्याच पानावर स्वच्छ लिहिलं होतं: फूल म्हणजे अगदी जवळची वस्तू. रफूताईंनी फूल दाबलं, चार बोटं अंतरावरून फोटो काढला आणि पडद्यावरचे तुटलेले धागे मोजले. उभे अकरा, आडवे नऊ.

"मी तेच तर सांगत होतो," विक्रेता म्हणाला. कॅमेरा घेतला, पण त्याच्याशी आम्ही पुढे एक शब्दही बोललो नाही.

दोन महिन्यांनी वकिलाचा दुसरा कोट आला. वकील तो न्यायला आला त्या दिवशी रफूताईंबरोबर मीही मुद्दाम लाँड्रीत गेले होते. पुन्हा तेच, "चार भोकं? कुठे आहेत?"

रफूताईंनी कॅमेरा पुढे केला. "मोजा."

त्याने मोजली. "बरं, बरं. एवढं चिडायला काय झालं?"

"मागच्या वेळचा शब्द परत घ्या."

"कोणता शब्द? कोट द्या, मला कोर्टात जायचंय."

रफूताईंनी कोट घडी घालून काखेत धरला. मालक छताकडे बघत राहिला.

"घेतला परत," वकील पुटपुटला.

"मोठ्याने," रफूताई म्हणाल्या.