वीजघरातलं कौतुक

समस्त कोथरूडकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या आईने बाबांचं कौतुक आयुष्यात एकदाच केलं. आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासाने मला थेट धरणाखालच्या वीजघरात नेलं. बाबा तिथे नोकरीला, त्यामुळे घरचे दिवे गेले की आईचे टोमणे त्यांनाच. म्हणून एकदा त्यांनी आम्हाला ते वीजघर दाखवायला नेलं. तिथे जमीन थरथरत होती, टर्बाइनच्या घरघरीत शब्द ऐकू येत नव्हता. बाबा आशेने आईकडे बघत होते. आम्ही कंट्रोल रूममध्ये शिरलो, मागचं जाड दार बंद झालं, एकदम शांतता. आई मात्र अजून ओरडूनच बोलत होती. तेव्हा मी लाजेने लाल झालो. आता तेच वाक्य पाहुण्यांना साभिनय ऐकवतो:

“अहो, केवढं मोठं काम करता हो तुम्ही! आणि मी मेली, दिवे गेले की तुम्हालाच बोलते!”