पवनीचं घर पाहायला

चिखल्याच्या कॉलनीतून सकाळी निघाले तेव्हा धाकटे दीर फाटकाशी उभे होते. "वहिनी, मुलीचं घर पाहायला बाई एकटी जात नाही," ते म्हणाले.

"तुम्ही गेलात तर बैठक पाहून याल. मला स्वयंपाकघर पाहायचंय," मी म्हटलं आणि कामगारांना तुमसरच्या बाजाराला नेणाऱ्या कंपनीच्या गाडीत चढले.

खरं तर हे काम यांचं. हे म्हणजे माझे यजमान, मँगनीजच्या कंपनीत मॅनेजर. दिवाळीनंतर एका दुपारी ऑफिसातच छातीत दुखलं आणि गेले. त्याआधी उन्हाळ्यात पवनीच्या गभण्यांकडून आमच्या सुनंदासाठी स्थळ आलं होतं. मुलगा शाळामास्तर, घरची धानाची शेती. यांनी नुसतं "बघू" म्हटलं होतं. आता गभण्यांचा निरोप आला होता की, विचार असेल तर कळवा. नातेवाईक म्हणत होते, बापाविना पोर आहे, देऊन मोकळी हो. पण मोकळी मी होणार होते, अडकणार होती सुनंदा. न पाहता हो म्हणणं मला जमण्यासारखं नव्हतं. घर पाहायला येते, असा उलट निरोप मी धाडला.

तुमसरहून भंडारा, तिथून अड्याळमार्गे पवनीची एस.टी. फाल्गुन लागला होता. धान कधीच निघालं होतं आणि बांध्यांमध्ये (धानाच्या बांध घातलेल्या शेतांत) लाखोळीचं पीक वाळत होतं. बोड्यांचं (लहान तळ्यांचं) पाणी तळाशी गेलेलं. मोहाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या, त्याचा गोड, जरासा आंबूस वास खिडकीतून आत येत होता.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोठी चालल्या, बाई?"

"पवनीला."

"देवदर्शनाले?"

"नाही, घर पाहायला."

"किरायाचं?"

"नाही हो. मुलीसाठी."

"मंग मानूस नाही काय संगं?" त्याने माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं. मग खिशातून दोन बोरं काढून माझ्या हातावर ठेवली. बोरं आंबट होती. खाल्ली.

अड्याळच्या पुढे टायर बसला. सगळे उतरून चिंचेच्या सावलीत थांबले. मी डबा उघडला. पोळी, जवसाची चटणी. यांच्या आवडीची चटणी, म्हणून केली असं नाही. प्रवासात ती टिकते.

हे देवमाणूस वगैरे नव्हते. घोरायचे, चहा थंड झाला की दुसरा मागायचे. पण सुनंदाच्या धाकट्या भावाच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा हे तिच्या वेण्या घालायला शिकले, आणि मी परत आल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. एक वेणी वर, एक खाली. पोर तशीच शाळेत जायची, कुणी हसलं तर भांडून यायची. नव्या खाणीवर बदली झाली की पहिल्या दिवशी ऑफिसात जायचेच नाहीत. मागून शिरायचे. आधी कॅन्टीन, मग बायका पाणी पितात ती जागा. "पुढचं माझ्यासाठी झाडून ठेवलेलं असतं," म्हणायचे.

पवनीला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून आत गेले, गभण्यांची आळी विचारली आणि मुद्दाम मागच्या बोळाने वळले. इथे घरामागच्या परसाला सांदवाडी म्हणतात. सगळ्या सांदवाड्या सारख्याच: तणसाची (धानाच्या पेंढ्याची) गंजी, तुळस, सारवलेली जमीन. एका फाटकातून आत शिरले. खाटेवर लाखोळीच्या डाळीच्या वड्या घालत एक बाई बसली होती. माझी छत्री नि हातातली पिशवी पाहून ती उभीच राहिली.

"आमच्या घरचं आपरेशन होऊन गेलं, नर्सबाई! आता कायले आल्या?"

"मी नर्स नाही हो. गभण्यांचं घर ना हे?"

"गभण्याचं बाजूचं. अन् तुमी मागून काहून आल्या? ते तं समोर सतरंजी टाकून सकाळपासून तुमची वाट पाहून राहिले!" मग तोंडावर पदर धरून ती हसायला लागली. "चिखल्याच्या व्हय ना तुमी? तुमचे सायेब बी असेच माह्याच सांदवाडीत घुसले होते. मी त्यायले लाइटबिलवाला समजली."

"कोण साहेब?"

"खदानीचे. मागच्या उन्हाळ्यात."

मी तिथल्या पालथ्या घमेल्यावर बसले. उन्हाळ्यात हे एकदा भंडाऱ्याला ऑफिसच्या कामाला म्हणून गेले होते, तेवढंच मला माहीत होतं.

बोलणं ऐकून पलीकडून गभण्यांची थोरली सून आली. ती मला त्यांच्या सांदवाडीत घेऊन गेली. दोन घरांच्या हद्दीवर नवी बोरिंग (हातपंप) होती.

"पह्यले मी घाटाखालून नदीचं पानी आनत होती, काकू. पायऱ्या चढून," ती म्हणाली. "सायेबानं मले घागर घेऊन येताना पायलं. मंग आमच्या सासूले म्हणे, माझ्या मुलीचं मागून बोलू, आधी हिच्या पाण्याचं पाहा."

"मग?"

"मंग काय! सासू लय भडकली. पोरगी देली नाही न हुकूम करते म्हणे!"

"भडकणारच!" तिच्या सासूबाई दारातून गरजल्या. उंच, काटक बाई. "पर रातभर झोप नाही आली मले. खरंच बोलला होता मानूस. पावसाळ्याच्या आधी बोरिंग मारली. तो पाहाले येतो म्हणे, आलाच नाही."

मी दांडा धरला. आधी कोरडा आवाज, मग पाणी आलं. ओंजळ लावून प्यायले. जरा खारट होतं, पण थंड.

"घरी का नाही बोलले हे?" मी विचारलं.

थोरली म्हणाली, "मी पुसलं होतं, घरी सांगान ना म्हणून. म्हणे, मी सांगितलं तर बायकोचं मत माझ्यासारखंच होईल. तिचं तिनं पाहावं."

तेवढ्यात मुलगा शाळेतून आला. बाहीला खडू लागलेला. मी एकच विचारलं, "पाणी कोण भरतं?"

"आता ज्याले लागलं तो भरते," तो म्हणाला. मग कानामागे खाजवत, "पह्यले मी नव्हतो भरत."

भात, वरण, वांग्याची भाजी असं जेवण झालं. पान पुढे करत सासूबाईंनी विचारलं, "मंग काय समजावं, बाई?"

"मला घर पसंत आहे. आता सुनंदाला दाखवते."

"पोरगी येते घर पाहाले? असं कोठी होते काय?"

"राहायचं तिला आहे."

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाल्या, "आना. पर समोरून आनजा. सतरंजी वाया जाते आमची."

परतीच्या बसमध्ये मला यांचा राग आला होता, हे लिहायला हरकत नाही. एवढं मोठं काम करून आलेला माणूस घरी येऊन चहा मागतो, वेणी घालतो आणि अवाक्षर बोलत नाही! पण भंडारा येईपर्यंत राग उतरला. त्यांना ते मोठं वाटलंच नसावं. थोरल्या सुनेची घागर जड होती, त्यांनी ती पाहिली, इतकंच.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. सुनंदा दारातच होती. "कसं आहे घर?"

"सकाळची गाडी लवकर सुटते," मी चपला काढत म्हटलं. "भंडाऱ्याला बदलावी लागते. डबा दोघींचा घे."

"आई, कसं आहे ते सांग ना!"

मी पाय धुवायला मागे गेले.

"तूही बाबांसारखं नुसतं 'बघू' म्हणणार आहेस का आता?" ती ओरडली आणि जुन्या दप्तराची पिशवी सकाळच्या डब्यासाठी रिकामी करायला लागली.