कळशीत निवळलेले पाणी

रायपूरच्या शंकर नगरात पाणी तपासणारी एक लहान प्रयोगशाळा आहे. नदीचे, तलावाचे, विहिरीचे आणि बोअरिंगचे पाणी तेथे बाटल्यांत भरून येते. त्या पाण्यात शिसे किती, आर्सेनिक किती, युरेनियम किती, हे यंत्रावर मोजले जाते. त्या बाटल्या नरहरी धुतो. एकतीस वर्षे तो हेच काम करीत आला आहे. बाटली आधी आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, नंतर शुद्ध पाण्याने तीनदा विसळायची, उपडी ठेवून वाळवायची, आणि त्यानंतर तिच्या तोंडाला बोटसुद्धा लागू द्यायचे नाही. कोणी हसले तर तो म्हणतो, "बाबू, बोटावरचा घाम तुले दिसत नाही, पण यंत्राले दिसते."

नरहरीने अक्षरे उशिरा गिरवली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आपल्याला वाचता याव्यात, म्हणून वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला. त्याने स्वतः लिहिलेली पहिली चिठ्ठी अजून त्याच्या ट्रंकेत आहे. तिच्यावर तारीख आहे आणि 'फाटकावरची विहीर' एवढेच शब्द आहेत. ती चिठ्ठी कोणत्याही बाटलीला लावण्यासाठी नव्हती. मास्तरांनी मनातले काही लिहा असे सांगितले, आणि त्याच्या मनात तेवढेच होते.

त्याचे वडील भंडाऱ्याहून रेल्वेत आले आणि रायपूरजवळच्या उरल्याच्या बाजूच्या एका फाटकावर गेटमन झाले. फाटकाशेजारी एका खोलीचे क्वार्टर होते आणि क्वार्टरमागे दगडांनी बांधलेली विहीर होती. त्या काळी तेथे कारखाने नव्हते. नरहरीची आई संध्याकाळी पाणी शेंदायची, फडक्याने गाळून भंडाऱ्याहून आणलेल्या पितळी कळशीत भरायची आणि वर झाकण ठेवायची. त्या कळशीला सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा तिचा नियम होता. पाणी निवळले पाहिजे, असे ती म्हणत असे. सकाळी तिने ओतलेला पहिला पेला नरहरीला मिळायचा. त्या पाण्याची सर पुढे कोणत्याही पाण्याला आली नाही.

पुढे वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटले, फाटक बंद होऊन तेथे पूल झाला. नरहरी तेलीबांध्याच्या मागच्या गल्लीत राहू लागला. नळाचे पाणी पिताना आणि कॅनचे पाणी पिताना पहिल्या घोटाला तो क्षणभर थांबतो, जणू काही ओळखीचे भेटेल. त्याची पत्नी विमला हे किती वर्षे पाहत आली आहे. ती विचारते, "पाणी पिऊन राहिले, का जुनी कोणी आठवून राहिले?"

"जुनीच आठवून राहिलो," असे तो खालमानेने म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेने उरल्याच्या बाजूच्या विहिरी तपासायला घेतल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख शर्मिष्ठा मॅडम यांनी तो भाग नरहरीच्या माहितीचा म्हणून नमुने आणायला त्यालाच पाठवले. फाटकावरच्या विहिरीवर आता शंभर घरांची वस्ती पाणी भरत होती. त्या वस्तीत त्याचा बालमित्र तुळशीराम राहत होता. तुळशीरामचे वडील रेल्वेत गँगमन होते. नरहरी त्याच्याकडे मुक्कामाला राहिला, आणि जाताना आईची कळशी पिशवीत घेऊन गेला.

त्या दिवशी त्याने जे केले, ते त्याला तेव्हा चूक वाटले नाही. इतर अकरा विहिरींचे पाणी त्याने नियमाप्रमाणे थेट बादलीतून बाटलीत भरले. या एका विहिरीचे पाणी मात्र त्याने संध्याकाळी शेंदले, गाळले, आईच्या कळशीत भरून झाकले आणि सकाळी निवळल्यावर बाटलीत ओतले. मुलगी दाखवायची असते तेव्हा घरचे लोक तिला नीट नेसवून बाहेर आणतात. नरहरीला आपली विहीर यंत्रापुढे तशी न्यायची होती.

यंत्राने सांगितले की त्या पाण्यात लिटरला सेहेचाळीस मायक्रोग्रॅम शिसे आहे. पिण्याच्या पाण्यात दहापेक्षा जास्त चालत नाही. बाकी अकरा विहिरी ठीक निघाल्या. वस्तीच्या लोकांनी विहिरीच्या काठाला लाल रंग लावला, आणि टँकर येऊ लागला. उरल्याच्या कारखान्यांच्या धुराला सर्वांनी दोष दिला. नरहरीनेही दिला. नंतर तो त्या बाजूला गेला नाही. मेलेल्या माणसाचे घर टाळावे, तसे त्याने ते टाळले.

मागच्या फाल्गुनात एका बुधवारी तुळशीरामचा फोन आला.

"अरे नरहरी, तुही विहीर चालली बरं. वस्तीच्या समितीनं ठरवलं. सोमवारी मुरूम टाकून बुजवून राहिले. पोट्टे खेळतात, पडतील म्हणते."

"बुजवून?"

"हव. येतो का खांदा द्याले?"

नरहरीने फोन ठेवला, आणि त्या दिवशी त्याच्या हातून आयुष्यात प्रथमच बाटली फुटली.

त्याच संध्याकाळी विमला गोलबाजारातून परत आली. आईची कळशी बुडातून पाझरू लागली होती, म्हणून तिने ती पितळेची भांडी दुरुस्त करणाऱ्या ठठेऱ्याकडे नेली होती. तिने कळशी कोपऱ्यात ठेवली आणि भाकरी वाढता वाढता सहज सांगितले, "ठठेरा भैया हात लावाले तयार नाही. म्हणे, याच्या बुडाले जुना डाख आहे, अर्धा शिसाचा. आता यात पाणी पिऊ नका म्हणे, फक्त शोभेले ठेवा."

नरहरीचा घास हातातच राहिला.

"काय झालं? भाकर कच्ची आहे का?"

"विमला, थो काय म्हणे? शिसाचा?"

"शिसाचाच म्हणे. काहून?"

आईने पाझरणाऱ्या बुडाला वितळलेल्या धातूचा डाख लावून घेतला होता, तेव्हा तो लहान होता आणि भाता ओढायला स्वतः बसला होता. ते त्याला आता लख्ख आठवले. रात्रभर त्या बुडावर उभे राहिलेले पाणी त्याने बाटलीत भरले होते. शिसे विहिरीचे नव्हते.

त्याला दोन गोष्टी दिसत होत्या. बोलले नाही, तर सोमवारी विहीर बुजेल. बोलले, तर शर्मिष्ठा मॅडमची सही असलेला अहवाल खोटा ठरेल, आणि एकतीस वर्षे ज्या हातांवर सर्वांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, ते हात खोटे ठरतील. विमलाने त्याच्याकडे पाहिले आणि म्हटले, "तुम्ही जेवा. मग सकाळी जाऊन सांगा. न सांगता तुम्हाले पाणी गोड लागणार नाही, कोणतंच."

गुरुवारी सकाळी तो कळशी घेऊन मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिला आणि त्याने सर्व सांगितले. मॅडमचे घराणे भोसल्यांच्या काळापासून रायपुरात आहे, त्यांची मराठी शुद्ध आहे, आणि रागावल्या की ती अधिक शुद्ध होते.

"काका, तुम्ही नव्या मुलांना बोट लावू देत नाही. आणि स्वतः रात्रभर कळशीत?"

"हो मॅडम."

"का पण?"

"थे पाणी माह्या घरचं होतं. मले वाटलं, चांगलं दिसलं पाहिजे."

मॅडमने कळशी उपडी करून तिचे बूड पाहिले. मग त्यांनी ती पाझरती कळशी परातीत ठेवून तिच्यात प्रयोगशाळेतले शुद्ध पाणी भरून झाकण ठेवायला सांगितले, आणि नरहरीला गाडी देऊन विहिरीवर पाठवले. "या वेळी थेट बादलीतून," एवढेच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी दोन्ही पाणी यंत्रावर चढले. शुद्ध पाण्यात एका रात्रीत चव्वेचाळीस शिसे उतरले होते. विहिरीच्या पाण्यात केवळ दोन होते. मॅडम मात्र दुसऱ्या यंत्रापाशी गेल्या होत्या. ते यंत्र मागच्या वर्षी आले होते आणि युरेनियम मोजत होते.

"काका, बसा," त्या म्हणाल्या. "युरेनियम अडतीस आहे. तिसाच्या आत हवे."

"हे उरल्याचं?"

"नाही वाटत. खडकातून उतरते असे. किरणोत्सारी धातू आहे, पण पाण्यातल्या इतक्या प्रमाणाचा त्रास मुख्यतः मूत्रपिंडाला होतो."

"म्हणजे माही आई पीत होती, तेव्हाही होतं?"

"असेलही. तेव्हा कोणी मोजले नव्हते. आता मोजता येणार नाही."

ज्या पेल्यासाठी नरहरी इतकी वर्षे झुरला, त्या पेल्याचा आकडा त्याला कधीच कळणार नव्हता.

शनिवारी मॅडमने चुकीच्या कबुलीसह सुधारलेला अहवाल स्वतः समितीला नेऊन दिला. विहिरीवरचा शिशाचा ठपका पुसला गेला. युरेनियम पाण्यातून काढता येते, हे त्यांनी समजावून सांगितले: राळेचे बारीक मणी भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडले की धातू मण्यांना धरून राहतो आणि पाणी पुढे जाते. बुजवण्यासाठी आणलेला मुरूम रस्त्याच्या खड्ड्यांत गेला. बाटल्या धुण्याचे काम मॅडमने नरहरीकडेच ठेवले, पण नमुन्याच्या वहीत प्रत्येक वेळी भांड्याचे नाव लिहायचे, असा नवा नियम झाला. ती ओळ नरहरी स्वतः लिहितो.

महिन्याने विहिरीवर नळकांडे बसले. नरहरी विमलाला घेऊन गेला. पंप सुरू झाला आणि नळातून बोटाएवढी धार पडू लागली. तुळशीरामने स्टीलचा पेला भरून पुढे केला.

"घे ना बे. चाळीस वर्षं झाले, ऐकून ऐकून आमचे कान किटले."

"आधी नमुना."

"वहिनी, याले समजवा."

"त्यायले काही समजलं, तर थे कळशीतूनच," विमला म्हणाली, आणि हसली.

नरहरीने बाटली उघडली. त्याच धारेने ती तीनदा विसळली, चौथ्यांदा भरली, आम्लाचे थेंब टाकून झाकण घट्ट लावले. चिठ्ठीवर त्याने तारीख लिहिली, भांडे: थेट नळ, आणि खाली, 'फाटकावरची विहीर'. पुलाखालून मालगाडी जाऊ लागली, तेव्हा तो काठावर बसला होता. लाल रंग अजून पुरता निघाला नव्हता. आकडा यायला तीन दिवस होते, आणि तोपर्यंत पेला तसाच भरलेला राहणार होता. त्याचा उजवा हात त्या धारेने मनगटापर्यंत ओला होता. विमलाने पदर पुढे केला, पण त्याने हात पुसला नाही.