तळ्याकाठच्या ट्रामची घंटा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. मी बँकेतून रिटायर झालो, वय पंचाहत्तरच्या पुढे. या वयात कुणाला घाबरवायला लिहीत नाही. एका माणसावरचा खोटा डाग पुसायचा आहे, म्हणून लिहितो.

हेब्बाळच्या पुढे एका तळ्याच्या काठानं रविवारी छोटी हेरिटेज ट्राम चालते. बंगळूरला ट्राम कधी नव्हतीच, मग ही हेरिटेज कुणाची, असं आम्हीच हसत विचारायचो! बाहेरून आणलेला जुना लाकडी डबा, खाली नवी बॅटरी. चालवायचे किशनअण्णा — जन्मभर बस चालवलेला माणूस. मी हौसेचा कंडक्टर. छताला दोरी, तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याशी पितळी घंटा. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. टोला पडला की ड्रायव्हरनं कारण विचारायचं नाही, ब्रेक लावायचा.

त्या दुपारी डबा भरलेला होता, पोरांचा नुसता गलका. मी अण्णांच्या अगदी मागे उभा — एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातानं खांब धरलेला. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सैल दोरी ताणली गेली... कुणीतरी ओढावी तशी. दोरीला कुणाचाही हात नव्हता. घंटा वाजली. एकदाच.

अण्णांनी ब्रेक मारला. एक म्हातारी बाई पडली, मनगट मोडलं. आम्ही उतरून पाहिलं — रुळावर काही नाही. गाय नाही, दगड नाही.

ऑफिसात चौकशी झाली. घंटा ऐकली म्हणून ब्रेक मारला, असं अण्णांनी सांगितलं. मला विचारलं, "तुम्ही घंटा दिली?"

"नाही."

"आणखी कुणी दोरी ओढली?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी. घंटा वाजली का, हे मला कुणी विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणतील, याची भीती वाटली. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

अण्णांना काढलं. नंतर कानावर येत राहिलं — मुलानं स्कूटरची चावी काढून घेतली, कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मग डोक्याच्या. चार वर्षं मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही.

मागच्या महिन्यात गेलो. पारूअक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दार उघडलं. "अय्यो, कंडक्टर! वाट चुकलात काय?"

अण्णा खुर्चीत बसले होते, खूप वाळले होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "अण्णा, मला माफ करा. त्या दिवशी मी..."

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "माफीचं मागनं बघू. घंटा वाजली होती का नाही, तेवढं सांग."

"वाजली होती. दोरी हललेलीपण मी बघितली."

ते खुर्चीत सरळ होऊन बसले. मग आत मुलाला हाक मारली, "रघू! बाहेर ये. तूपण ये गं. " मग माझ्याकडे वळले, "नारायणा, आता परत सांग. सावकाश सांग."

मी सगळं परत सांगितलं. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. "काका, तेव्हा का नाही बोललात?" एवढंच म्हणाला. अक्का रागानं म्हणाल्या, "मी यांना गोळ्या देत होते हो, झोपेच्या..." आणि रडायला लागल्या. अण्णांनीच त्यांना गप्प केलं. मला माफ केलं की नाही, ते बोलले नाहीत. निघताना मात्र म्हणाले, "हे कुठंतरी लिहून घाल. माझं नाव घालून."

दोरी कशानं ओढली गेली, मला माहीत नाही. लाकूड फुगलं असेल, झटका बसला असेल — सगळं ताडून पाहिलं, काहीच जुळत नाही. ट्राम अजून चालते, त्या जागी कधी काही झालेलं नाही. पण घंटा वाजली होती, आणि किशनअण्णांनी नियमाप्रमाणे गाडी थांबवली होती.