मागून न मारलेली हाक

बिऱ्हाड हलवायला वैशाखासारखा वाईट महिना नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. थंडीत माणूस गाठोडी बांधतो, उन्हाळ्यात गाठोडीच माणसाला बांधून टाकतात. पण आम्हाला महिना निवडायची सोय नव्हती. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं, उसाला पाणी मिळालं नाही, आणि सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होण्याआधीच संपला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वजनकाट्यावर कारकून होते. ऊसच नाही तर वजन कशाचं करणार? त्यांना गेवराईच्या एका सहकारी गोदामावर जायला सांगितलं आणि कॉलनीतली खोली मेअखेर रिकामी करायला सांगितली.

मी अकरा वर्षांची होते. धाकटी बहीण पाचाची. तिला घरात सगळे बारकी म्हणत आणि ती त्या नावाला शोभेल इतकी बारकी होती.

बारकी आणि मी त्या उन्हाळ्यात हौदात राहत होतो म्हटलं तरी चालेल. आमच्या खोल्यांच्या मागं जमिनीत बांधलेला सिमेंटचा मोठा हौद होता. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा, त्यात पाणी सोडायचा, आणि दोन दिवसांत बाया तो खरवडून रिकामा करायच्या. उरलेले दोन दिवस हौद आमचा. भिंतीत बसवलेल्या लोखंडी कड्यांना धरून खाली उतरलं की अख्ख्या कॉलनीत नसेल असा गारवा. तिथं आमची भातुकली मांडलेली असे. आईला कळलं असतं तर तिनं दोघींना सोलून काढलं असतं, म्हणून आम्ही ते गुपित ठेवलं होतं. बारकी तर तिथं झोपायचीसुद्धा.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. आई तशी भित्री नव्हती. साप निघाला तर काठी तीच घ्यायची, अण्णा खाटेवर उभे राहायचे. पण घरातून बाहेर पडण्याच्या बाबतीत तिचे काही नियम होते आणि त्यांत गंमत चालत नसे. बिऱ्हाड निघालं की मागं वळून बघायचं नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही राहिलं असेल तर राहू द्यायचं.

हे नियम आमच्याकडं घरोघरी आहेत, पण आमच्या घरात त्यांच्यामागं एक मेलेलं मूल होतं. गावाकडून आम्ही कारखान्यावर राहायला निघालो तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई डोक्यावर देवांची टोपली घेऊन उंबरा ओलांडून गेली आणि माझी चप्पल सापडेना म्हणून मी घरातून ओरडले, "आई, थांब!" आई थांबली. तिनं वळून बघितलं. त्याच वर्षी बारकीच्या पाठचा भाऊ चौदा दिवसांचा होऊन गेला. आई मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. पण शेजारणींशी बोलताना मी ऐकलं होतं, "निघतानाच हाक लागली व्हती, तवाच मनात चर्र झालतं." हाक कुणाची, ते तिनं सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती.

ट्रॅक्टर सकाळी सहाला येणार होता. तो साडेअकराला आला. तोवर अण्णांनी सगळं सामान अंगणात काढून तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळेला वेगळा आकडा आला होता. ट्रॉलीत सामान चढेस्तोवर पत्र्याला हात लावला तर कातडं सोलून निघेल अशी वेळ झाली. कारखान्याची एक जीप कामासाठी गेवराईला निघाली होती, तिच्यात आईला जागा मिळाली. ठरलं असं की आई आणि बारकी जीपमध्ये, देव आईच्या मांडीवर. मी ट्रॉलीत गाद्यांच्या ढिगावर, सामान धरून. अण्णा पुढं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर.

बारकी जीपमध्ये बसली, दोन मिनिटांत उतरली आणि माझ्याजवळ गाद्यांवर चढून आली. तिला वरून बघायचं होतं. आई जीपमध्ये पुढं तोंड करून बसली होती. मागच्या बाकावर पोती आणि दोन माणसं होती, बारकी तिथंच आहे असं तिला वाटलं असणार. अण्णांनी खोलीला कुलूप लावलं, दाराला हात जोडले, चाकापुढं नारळ फोडला. जीप सुटली.

तेवढ्यात बारकी म्हणाली, "माझी चूल ऱ्हायली हौदात. बुडकुलीबी ऱ्हायली." आणि मी काही म्हणायच्या आत ती ट्रॉलीवरून सरकून खाली उतरली आणि खोल्यांच्या मागं पळाली.

तिचंही बिऱ्हाड हलायचं होतं, आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

ट्रॅक्टर सुरू झाला. आवाज एवढा की मला अण्णांना काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागलं असतं. आणि अण्णांची पाठ माझ्याकडं होती. नारळ फुटला होता. आम्ही निघालो होतो. मी तोंड उघडलं ते मला आजही आठवतं, कारण धूळ थेट घशात गेली. मागून हाक. पुन्हा माझीच. आता कोण मरेल, एवढाच विचार डोक्यात आला. अण्णाच डोळ्यांसमोर आले, कारण हाक त्यांना लागली असती.

मी तोंड मिटलं. मागं वळून बघायचं नाही म्हणून डोळेही मिटले. आणि स्वतःला सांगितलं की बारकी पळत जाऊन जीपमध्ये बसली असेल. जीप केव्हाच गेली होती, हे मला पक्कं माहीत होतं.

त्यानंतरचा रस्ता मी भीती गिळत काढला. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळलेली. हिरवं म्हणावं तर वेड्या बाभळी, बाकी काही नाही. मी गाद्यांना घट्ट धरून बसले होते आणि घामानं निथळत होते. अर्ध्या वाटेत समोरून टँकर आला. भरलेला. मागच्या नळातून पाणी गळत होतं, रस्त्यावर ओली रेघ उठत होती आणि बघता बघता वाळत होती. टँकर आमच्या बाजूनं कारखान्याकडं निघून गेला.

आज चौथा दिवस होता.

तरी मी बोलले नाही. हे मला आजही कुणाला सांगताना लाज वाटते. मी बोटं मोजत होते, आज चौथा की तिसरा, आणि दर वेळी चौथाच येत होता.

फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली जीप थांबलेली दिसली. इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हर बॉनेट उघडून उभा होता. चहाची टपरी बंद होती. आई झाडाखाली देवांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ट्रॉली थांबली तशी ती उठली आणि हसून म्हणाली, "बारकीला उतरव गं, पानी पाजू दी तिला."

अण्णा म्हणाले, "बारकी तुझ्याजवळ हाय की."

आईनं देव त्या बंद टपरीच्या बाकड्यावर ठेवले. आमच्या आईनं. देव असे उघड्यावर तिनं जन्मात कधी ठेवले नव्हते.

"ती हौदात असंल," मी म्हणाले. "भातुकली आणाया गेलती. आमी तितं खेळतो. आई, टँकर गेला मघाशी."

जीपच्या ड्रायव्हरनं ऐकलं आणि बॉनेट आपटलं. इंजिन तापलंय की नाही हे त्यानं बघितलंसुद्धा नाही. आम्ही चौघं परत निघालो. आई पुढं वाकून बसली होती, तिनं दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला होता. ती नवस बोलेल असं मला वाटलं, लिंबागणेशच्या गणपतीला ती बारीकसारीक गोष्टींनाही बोलायची. पण ती नुसती पुढचा रस्ता बघत होती. अण्णा एकसारखे म्हणत होते, "पाइप टाकन्याआधी बघतेत. बघतेत ते." कुणी बघत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. टँकर आला की बाया घागरी घेऊन धावतात, त्याआधी पाइप हौदात गेलेला असतो आणि पाणी हत्तीच्या सोंडेएवढं पडत असतं.

कॉलनीत शिरलो तेव्हा टँकर हौदाशी उभा होता. पाण्याचा आवाज लांबूनच येत होता. इतर दिवशी त्या आवाजानं आम्ही नाचायचो. अण्णा जीप थांबायच्या आत उतरले, पडले, उठले आणि कपड्यांनिशी हौदात उडी टाकली. मी काठावर गेले. पाणी त्यांच्या छातीला लागत होतं. ते बुडी मारत होते, वर येत होते, पुन्हा बुडी मारत होते. पाण्यावर एक लाकडी पोळपाट तरंगत होता, बोटभर, आमचा. मी तिथंच बसले.

"अहो भाऊ! भाऊ! पोरगी हितं हाय!"

ही चाची. कारखान्यातल्या फिटरची बायको, आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायची. ती तिच्या ओट्यावरून ओरडत होती आणि तिच्याभोवती बायांचा गराडा होता.

बारकी हौदात नव्हती. पण मला आनंद व्हायला वेळच मिळाला नाही. ती चाचीच्या ओट्यावर आडवी होती, डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे, अंग नुसतं फणफणलेलं. कॉलनीत दुपारी सगळे दारं लावून झोपतात. ती आमच्या कुलपाच्या दारापाशी उन्हात बसली होती, फ्रॉकच्या ओच्यात चूल आणि बुडकुली घेऊन. टँकरच्या हॉर्ननं बाया उठल्या तेव्हा ती पायरीवर कलंडलेली दिसली.

आणि मग मी जे बघितलं ते विसरणं शक्य नाही. ज्या बाया एका कळशीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, त्या आपापल्या भरलेल्या घागरी आणून बारकीवर ओतत होत्या. मोजत नव्हत्या. पाणी ओट्यावरून वाहून मातीत जात होतं. चाची तिच्या तळपायांना कांदा चोळत होती आणि म्हणत होती, "डोळे खोल बेटा. बघ, तुझी अम्मा आली."

आई तिच्या उशाशी बसली, पण तिला हात लावायचं धाडस करेना. तिचे हात हवेतच होते. बारकी मरते आहे असं मला वाटलं. मला वाटलं मी हाक मारली तरी माणूस मरतं आणि नाही मारली तरी मरतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बारकीनं डोळे उघडले, चाचीनं चमच्यानं तिच्या तोंडात कैरीचं पन्हं घातलं आणि ते तिनं गिळलं. तेव्हा कुठं आईचा हात तिच्या कपाळावर टेकला.

"तू हाक कावून न्हाई मारलीस गं?" आई म्हणाली. "टॅक्टर जाताना दिसला न्हाई का तुला?"

"दिसला," बारकी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "मागून हाक न्हाई मारायची ना."

चाचीनं तोंड फिरवलं. अण्णा ओलेचिंब उभे होते, ते भिंतीला टेकले. मला आता लपवणं शक्य नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "मी बघितलं व्हतं. ती हौदाकडं पळाली तवा, मी बघितलं व्हतं."

"मग तू तरी..." आई बोलायला लागली आणि थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगणार होते, चप्पल, गावाकडचं दार, तो चौदा दिवसांचा भाऊ, सगळं घशाशी आलं होतं. तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"ते लेकरू तुज्यामुळं न्हाई गेलं," ती म्हणाली. "तुज्या हाकेनं न्हाई गेलं गं."

एवढं बोलून ती जी रडायला लागली, ती मग कुणालाच आवरेना. अण्णांना नाही आणि चाचीलाही नाही.