नोड्री म्हणलं, माड्री न्हाई

गाडी माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. कागदावर नाव माझं, हप्ते माझ्या पगारातून जातात आणि हुमनाबादहून निर्णा गावात मी शिकवते त्या शाळेपर्यंत ती रोज मीच चालवते. पंचेचाळिशी उलटल्यावर गाडी शिकले, त्याचं घरात बरंच हसू झालं. नवरा तुरीच्या आडतीवर बसणारा माणूस. दाणा दाताखाली धरून ओल सांगतो, पण गाडीत माझ्या शेजारी बसला की ब्रेक असल्यासारखा उजवा पाय दाबत राहतो.

वॉरंटीच्या काळात सर्व्हिसिंग शोरूमलाच करायची, बाहेर केली की वॉरंटी गेली, असं गाडी घेतानाच बजावलं होतं. म्हणजे कलबुर्गी, आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच. पहिल्या दोन खेपा फुकटच्या होत्या. तेव्हा नवरा बरोबर आला आणि सोफ्यावर बसून त्यांची कॉफी पिऊन आला. तिसरी खेप पैशाची. तेव्हाही तो चप्पल घालून तयार.

"मी येतो. बाईमाणूस बघून टोपी घालतेत ते लोक."

"तुमी आडत बघा. मी एकटीच जाणार हाय."

बोलून तर गेले, पण फसून परत आले असते तर किल्ली नावालाच माझी राहिली असती. पुढं जाईन तिथं तो शेजारी बसून आला असता आणि मला बोलायला तोंड उरलं नसतं.

शोरूममध्ये टाय लावलेला तिशी-पस्तिशीचा ॲडव्हायझर समोर आला. ऑइल, फिल्टर, वॉटर वॉश, सहा हजारांच्या आसपास होतील, असं त्यानं कन्नडमध्ये सांगितलं आणि आणखी काही तक्रार आहे का विचारलं. मी म्हणाले, "नीवे नोड्री." म्हणजे, तुम्हीच बघा. आणि त्यानं पुढं केलेल्या जॉब कार्डावर न वाचता सही ठोकली.

आता हे 'तुमीच बघा' काय प्रकरण आहे ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत, तिन्ही भाषांत ते सारखंच चालतं. शिंप्याला, सोनाराला, सुताराला काम सोपवताना आम्ही तसं म्हणतो. मनाला येईल ते करा, असा त्याचा अर्थ कुणी घेत नाही. भरवसा टाकलाय, आता तुमची लाज तुमच्या हातात, असा घेतात. आमचा शिंपी एकदा मला म्हणाला होता, "अक्का, भाव करा, भांडा, पण तुमीच बघा तेवढं म्हणू नका. मग उरलेली चिंधीबी ठिवून घ्यायचं धाडस व्हत न्हाई." हीच भाषा मी त्या काचेच्या खोलीत बोलले. चूक म्हणायची तर ही.

दुपारी बिल हातात आलं. चौदा हजार आणि वर काही. एसी फिल्टर, वायपर ब्लेड, अंडरबॉडी कोटिंग, इंजिन ड्रेसिंग. ड्रेसिंग म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, इंजिन चमकवतात. बॉनेट उघडून ते मी कुणाला दाखवणार होते देव जाणे.

"हे मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्हीच म्हणालात की, नीवे नोड्री. सहीपण आहे." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "सर कुठं आहेत? मी त्यांना समजावून सांगतो."

तिथं माझं डोकं फिरलं. राग आला की माझी कन्नड पळून जाते आणि तोंडात मराठीच येते. माणूस मराठी बोलणाऱ्या भालकीकडचा होता, त्याला सगळं कळत होतं.

"समजवायचं ते मला समजवा. सही माझी हाय, न वाचता केली ही चूकबी माझी हाय. पण मी नोड्री म्हणलं, माड्री न्हाई म्हणलं. बघा म्हणलं होतं, करा न्हाई. चला, आता दोघं मिळून बघू."

वर्कशॉपच्या दारावर 'ग्राहकांना प्रवेश नाही' अशी पाटी होती. ती वाचली आणि आत गेले.

काढलेले भाग मागितले. एसीचा जुना फिल्टर समोर आला, निर्ण्याच्या तांबड्या मातीनं गच्च भरलेला. तो माझाच होता आणि खरंच कामातून गेला होता. त्याचे पैसे कबूल केले. मग जुने वायपर आले. ते पंधरा दिवसांपूर्वी मीच हुमनाबादला बसवून घेतले होते, रबराची चकाकीसुद्धा गेली नव्हती.

"हे कामून बदललात?" मी विचारलं.

मी पदर खोचला, फरशीवर गुडघे टेकले आणि गाडीच्या खालून हात फिरवला. काळं कोटिंग लागायला हवं होतं, बोटांना तांबडा चिखल लागला. म्हणजे वॉटर वॉशसुद्धा वरवरचाच. ते बोट तसंच बिलावरच्या त्या ओळीवर टेकवलं.

"पण मॅडम," तो चाचरत म्हणाला, "सर तर माड्री म्हणाले की."

"कुठले सर?"

कार्डावर दुसरा नंबर नवऱ्याचा होता. या ॲडव्हायझरनं सकाळी त्याला फोन लावून यादी वाचून दाखवली होती आणि त्यानं, करून टाका म्हणून सांगितलं होतं.

खरं सांगते, तेव्हा मला रडू यायला लागलं होतं. रडले नाही. गाडीचं आरसी बुक त्याच्यापुढं धरलं आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं वाचलं, मग बिल पुन्हा छापून आणलं. कोटिंग, वायपर, ड्रेसिंग गेलं. तरी आकडा आठ हजारांच्या वर राहिला, कारण मजुरीचा दर शोरूमचा. त्या थंड हवेचे आणि काचांचे पैसे त्यात कुठंतरी असतातच. तेवढे भरले. त्यांची कॉफी मात्र सावकाश बसून प्यायले.

घरी नवरा दारातच उभा. "किती लावले?" 'मी म्हणलं नव्हतं का' हे वाक्य त्याच्या ओठावर आलेलं दिसत होतं. मी दोन्ही बिलं पुढं ठेवली.

"तुमी करून टाका म्हणलात व्हय?"

"अगं, सौदा चालू होता. त्यो सारखा फोन करायलता. म्हणलं, करून टाका, कटकट मिटंल."

"आन् मला एक फोन?"

तूर घेताना हा माणूस क्विंटलमागं दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. माझ्या गाडीचा व्यवहार त्यानं अर्ध्या मिनिटात उडवला, आणि टोपी म्हणे मला घालणार होते. आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा एकटीच गेले. अजूनही मी नीवे नोड्रीच म्हणते. ज्याला तो भरवसा पेलत नाही त्यानं गिऱ्हाईक घेऊ नये, मी माझी भाषा का बदलू? फक्त सही करायच्या आधी कार्ड वाचते. त्या दिवशी वाचताना खाली दुसरा नंबर तसाच दिसला.

"हा काढा," मी म्हणाले.

"मॅडम, दोन नंबर लागतातच. एक रिकामा सोडला तर कार्ड पुढं जात नाही."

"मग माझाच दोनदा लिहा."